खरेदी मागणीचा वर्कफ्लो: लिसनर दुरुस्तीच्या नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

खरेदी मागणीचं ॲप आजपासून माझ्या गळ्यात. ज्याने लिहिलं तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला, जाताना एक आकृती हातात दिली आणि म्हणाला, "सगळं लिसनरमध्ये आहे, बघून घे." सगळं म्हणजे खरंच सगळं. लिसनर म्हणजे एखादा इव्हेंट, म्हणजे घटना, घडली की आपोआप चालणारा कोड. कंट्रोलर, म्हणजे पानावरची विनंती हाताळणारा कोड, उघडला तर दहा ओळी, आणि लिसनरच्या फोल्डरमध्ये सतरा फाइली.

आधी सिस्टीम काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच कळेल. मागणी मसुद्यात सुरू होते. सादर केली की दोन तपासण्या एकाच वेळी सुरू होतात, तांत्रिक आणि निधीची. दोन्ही झाल्या की विभागप्रमुख मंजूर करतात, मग ऑर्डर, मग माल आला. मंजुरीच्या आधी कुठेही नाकारता येते. सिम्फनी ६.४ (पीएचपीचं फ्रेमवर्क) आहे आणि त्याचाच वर्कफ्लो कंपोनंट, म्हणजे कुठल्या स्थितीतून कुठे जाता येतं ते सांभाळणारा तयार भाग, वापरलाय, हा ३.२ पासून म्हणजे २०१६ पासून आहे, त्यामुळे चांगला मुरलेला. कोडमध्ये नावं इंग्रजीत आहेत, इथे मी मराठीत लिहितेय.

तक्रार एकच पण भारी: खरेदीवाल्या साहेबांना "मागणी मंजूर झाली" असे मेल जातात आणि आत जाऊन बघावं तर मागणी मंजूरच झालेली नसते. जी खरंच मंजूर होते तिचे पाच-पाच मेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळभर काही केल्या घडेना. मी साध्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनने मागणी केली, तपासणीवाल्याच्या लॉगिनने पुढे ढकलली, प्रमुखाच्या लॉगिनने फक्त शेवटी शिरले आणि मंजूर केलं. मेल आले, पाच आले, पण मंजूर केल्यावरच बघितल्यामुळे कधी आले ते कळलं नाही.

दुपारी आमची टेस्टर म्हणाली, "अगं मी काहीच दाबलं नाही, प्रमुखाच्या लॉगिनने नुसती यादी उघडली, तीन मेल पडले." यादीत मंजुरीला आलेल्या मागण्या बरोब्बर तीन होत्या.

मग सरळ मेल पाठवणारी फाइल शोधली. लिसनर लावलाय वर्कफ्लो डॉट खरेदी डॉट गार्ड डॉट मंजूर या इव्हेंटवर. आत लिहिलंय की युजर प्रमुख नसेल तर ब्लॉक कर आणि परत जा, असेल तर मेल पाठव. लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय असेल ते कळतं, त्याला वाटलं गार्ड म्हणजे मंजुरीच्या क्षणी होणारी तपासणी, तपासणी पास झाली म्हणजे मंजुरी झाली, मग इथेच मेल टाकू.

पण गार्ड मंजुरीच्या क्षणी चालत नाही, तो कोणीही "हे करता येईल का" असं विचारलं की चालतो. आणि विचारणारे किती आहेत ते मोजलं: यादीच्या पानावर बटण दाखवायचं का म्हणून ट्विगमधून (पानाच्या टेम्प्लेटमधून) एकदा, मागणीच्या पानावर वरच्या बटणपट्टीसाठी एकदा, खालच्या पट्टीसाठी परत एकदा, बटण दाबल्यावर कंट्रोलर आधी कॅन ("करता येईल का") विचारतो ते एकदा, आणि मग अप्लाय, म्हणजे मागणी खरंच पुढे नेणारं फंक्शन, स्वतः आतून विचारतो ते शेवटचं. झाले पाच. साहेबांचा आकडा अचूक होता, मला वाटलं होतं वैतागून वाढवून सांगतायत.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुरुस्ती करायच्या आधी एक काम केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. प्रत्येक इव्हेंटवर नुसतं लॉगमध्ये एक ओळ लिहिणारा लिसनर लावला आणि एकदा "सादर कर" दाबलं. कॅनच्या वेळचा गार्ड सोडून, अप्लायच्या आतला क्रम असा आला: गार्ड, लीव्ह, ट्रान्झिशन, एंटर, एंटर्ड, कम्प्लीटेड, अनाउन्स. त्या ओळीत मी मागणीची स्थितीही छापली होती आणि मजा तिथेच आहे. एंटरपर्यंत मागणीवर "मसुदा" असंच दिसतं, एंटर्डपासून "तांत्रिक तपासणी, निधी तपासणी" दिसायला लागतं. म्हणजे एंटर आणि एंटर्ड या दोन नावांच्या मधल्या फटीत स्थिती खरंच बदलते. नावं इतकी सारखी ठेवायची काय गरज होती देव जाणे, मराठीत निदान "शिरतोय" आणि "शिरला" असं वेगळं ऐकू येतं.

प्रत्येक इव्हेंट तीनदा येतो हेही दिसलं. आधी सगळ्या वर्कफ्लोंसाठी सामाईक नावाने, मग या वर्कफ्लोच्या नावाने, मग त्या ट्रान्झिशनच्या (एका स्थितीतून दुसरीत नेणारी पायरी) किंवा जागेच्या (स्थितीच्या) नावाने. सामाईक आधी, नेमका शेवटी. हे पुढे कामाला येणार असं वाटतंय.

यावरून एक जुनं कोडं पण सुटलं. मागणीचा इतिहास दाखवणारा तक्ता कायम एक पाऊल मागे असायचा, "सादर केली, स्थिती: मसुदा" असं. इतिहास लिहिणारा लिसनर ट्रान्झिशन इव्हेंटवर बसलाय आणि तिथे मागणीची जुनीच स्थिती वाचतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मेल उचलून एंटर्ड डॉट मंजूर वर नेला. इतिहासवाला पण एंटर्डवर नेला, सामाईक नावावर, कारण त्याला सगळ्याच पायऱ्या हव्यात. मेल एकच येतो. इतिहास बरोबर दिसतो. खूश होऊन चार वाजता टेस्ट सर्व्हरवर टाकलं.

सव्वाचारला नवीन मागणीचं पानच उघडेना. एरर: नल वर गेटनेम बोलावलं, म्हणजे जे नाहीच त्याचं नाव विचारलं.

दीड तास गेला. कारण असं की नव्या मागणीवर अजून कुठलीच स्थिती लिहिलेली नसते. पानावर बटणांसाठी कोणीतरी वर्कफ्लोला विचारतं, वर्कफ्लो मागणीची स्थिती वाचायला जातो, ती रिकामी दिसली की तोच तिला सुरुवातीच्या जागी ठेवतो, आणि ठेवल्याबरोबर एंटर्ड इव्हेंट सोडतो. पण हे कुठल्या ट्रान्झिशनने झालेलं नसतं, त्यामुळे इव्हेंटमध्ये ट्रान्झिशन नल. माझा इतिहासवाला विचारतो ट्रान्झिशनचं नाव काय, आणि आपटतो.

परवाच गार्डवरून त्या बिचाऱ्याला नावं ठेवली आणि आज मी तेच केलं. नुसतं पान उघडल्यावर एंटर्ड चालू शकतो हे माझ्या गावी नव्हतं. इतिहासवाला कम्प्लीटेडवर हलवला. कम्प्लीटेड फक्त अप्लायमधूनच येतो, त्यामुळे तिथे ट्रान्झिशन असतंच आणि स्थितीही नवीन असते. मेलवाला सुद्धा कम्प्लीटेड डॉट मंजूर वर नेला, एका घरात दोन नियम नकोत.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज परत एक खोटा मेल. एकच, पण खोटा.

लॉग बघितला तर मंजुरी दाबली, मेल गेला, आणि नंतर डेटाबेसने एरर दिली. मंजुरीच्या वेळी एक क्रमांक तयार होतो आणि तो आधीच कोणाला तरी दिलेला निघाला, युनिक इंडेक्सने अडवलं. पानावर पाचशेचा एरर, मागणी डेटाबेसमध्ये जशीच्या तशी, आणि साहेबांच्या इनबॉक्समध्ये "मंजूर झाली".

अप्लाय फक्त मेमरीतल्या ऑब्जेक्टवर स्थिती बदलतो. सेव्ह करणं, म्हणजे डॉक्ट्रिनचा (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) फ्लश, हे आपलं काम, आणि ते अप्लाय परत आल्यावर होतं. कम्प्लीटेड या नावाला भुलून मला वाटलं आता सगळं झालं. वर्कफ्लोच्या बाजूने झालं असतं, डेटाबेसला अजून पत्ता नसतो.

दोन-तीन उपाय डोक्यात आले. लिसनरमध्येच फ्लश करायचा हा पहिला, आणि तो मी लगेच फेकला, कारण उद्या दुसऱ्या लिसनरनेही तेच केलं तर अर्धवट बदल सेव्ह व्हायला लागतील आणि कुठला फ्लश कोणाचा हे शोधत बसावं लागेल. रिस्पॉन्स गेल्यावर मेल पाठवायचे हा दुसरा, चालला असता, पण मध्येच प्रोसेस मेली तर मेल कायमचा हरवला.

शेवटी हे केलं: लिसनर स्वतः मेल पाठवत नाही, तो मेसेंजरच्या (सिम्फनीचाच निरोपांची रांग सांभाळणारा भाग) रांगेत फक्त एक निरोप टाकतो. रांग डॉक्ट्रिनवाली आहे, म्हणजे निरोप ही त्याच डेटाबेसमधली, त्याच कनेक्शनवरची एक ओळ. आणि अप्लाय डॉक्ट्रिनच्या रॅपइनट्रान्झॅक्शनमध्ये घातला, तो शेवटी स्वतःच फ्लश करून कमिट करतो. फ्लश फसला की मागणीही परत आणि निरोपाची ओळही परत. सेव्ह झालं तर दोन्ही राहतात आणि वर्कर, म्हणजे रांगेतले निरोप उचलणारा प्रोग्राम, नंतर सावकाश मेल पाठवतो. मुद्दाम तोच क्रमांक दोनदा देऊन बघितलं: एरर आला, रांग रिकामी. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

"नाकार" बटण गायब होतं अशी तक्रार. तांत्रिक तपासणी आटपली की निधीवाल्याला नाकारता येत नाही, आणि उलटही.

कॉन्फिगरेशनमध्ये नाकार या ट्रान्झिशनला कुठून म्हणून दोन जागांची यादी दिलीय, तांत्रिक तपासणी आणि निधी तपासणी. लिहिणाऱ्याला अर्थ हवा होता "यातल्या कुठूनही". स्टेट मशीन प्रकार (एका वेळी एकच जागा) असता तर हाच अर्थ झाला असता. पण आपला प्रकार वर्कफ्लो आहे आणि तिथे यादीचा अर्थ "या सगळ्या जागी एकाच वेळी असेल तरच". एकच ओळ, प्रकार बदलला की अर्थ उलटा. याचं मूळ कार्ल ॲडम पेट्रीच्या १९६२ च्या प्रबंधातल्या जाळ्यांमध्ये आहे. तिथे टोकन असतात, म्हणजे काम आत्ता कुठे आहे याच्या खुणा, एक टोकन फुटून दोन जागी जाऊ शकतं, आणि पुढच्या ट्रान्झिशनला तिच्या मागच्या सगळ्या जागी टोकन लागतात. मंजुरीला दोन्ही तपासण्या झालेल्या लागतात ते यामुळेच फुकटात मिळतं, त्यासाठी एकही लिसनर लिहावा लागला नाही. नाकारायच्या वेळी मात्र तोच नियम अंगावर आला.

यावर आधीचा इलाज एक लिसनर होता, तो मागणीची स्थिती थेट "नाकारली" अशी लिहून टाकायचा, वर्कफ्लोला न विचारता. म्हणून इतिहासात त्या नकारांची नोंदच नाही. काढला.

मी आधी साधं करून बघितलं, नाकारायची वेगवेगळ्या नावांची दोन ट्रान्झिशन, प्रत्येकाला एक जागा. नाकारल्यावर मागणी "नाकारली" पण आणि "निधी तपासणीत" पण! एक टोकन हललं, दुसरं तिथेच बसलं. निधीवाल्याच्या यादीत नाकारलेली मागणी तपासायला हजर. मग कागदावर काढलं की तपासणीच्या काळात टोकन कुठे कुठे असू शकतात. तांत्रिक चालू किंवा झालेली, निधी चालू किंवा झालेली, एकूण चार जोड्या. नाकार नावाची चार ट्रान्झिशन लिहिली, प्रत्येकीला तिची जोडी. एका वेळी यातली एकच लागू होते, बाहेरून नाव एकच, आणि लिसनरलाही फरक पडत नाही. बघायला जरा ओबडधोबड आहे. वर्कफ्लोची आकृती डंप करून मर्मेडमध्ये (मजकुरातून आकृती काढणारं टूल) काढली तर नाकारलीकडे जाणाऱ्या रेषांचं जाळं दिसतं, असू दे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस वहीत लाल शाईने लिहायला हवा.

टेस्टरने तक्ता करायला घेतलाय, उभ्या ओळी भूमिका, आडव्या स्थिती, प्रत्येक खणात कोणती बटणं दिसायला हवीत. तिने एक खण दाखवला: प्रमुखाने स्वतःची मागणी स्वतःच मंजूर केली आणि सिस्टीमने करू दिली. ती म्हणाली, "छोट्या रकमेची मागणी असली की होतं. मोठ्या रकमेला अडवतं." हा नियम पहिल्या दिवसापासून आहे, त्याचा लिसनरही आहे, मी स्वतः वाचलाय.

कन्सोलवर डीबग इव्हेंट-डिस्पॅचर चालवून गार्डवर कोण कोण बसलंय बघितलं. स्वतःच्या मागणीला अडवणारा सामाईक गार्डवर, प्रायॉरिटी १०. रकमेची मर्यादा बघणारा गार्ड डॉट मंजूर वर. पहिल्यात प्रिंट टाकला, तो चालतो आणि ब्लॉकही करतो. तरी शेवटी ब्लॉक नाही.

रकमेवाल्यात एकच ओळ आहे, सेटब्लॉक्ड आणि कंसात रक्कम मर्यादेपेक्षा जास्त आहे का. वाचायला किती सुटसुटीत. जास्त असेल तर ट्रू जातं, ब्लॉक होतं. कमी असेल तर फॉल्स जातं, आणि मला वाटायचं फॉल्स म्हणजे काही करू नको. कंपोनंटचा सोर्स उघडला. सेटब्लॉक्डला फॉल्स दिलं की तो आतापर्यंत जमा झालेल्या ब्लॉकरची अख्खी यादी साफ करतो! म्हणजे एका लिसनरने "स्वतःची आहे, नको" म्हटलं, नंतर दुसरा आला, त्याने रक्कम बघितली, "माझी काही हरकत नाही" म्हणाला, आणि त्याच्या हरकत नाहीने पहिल्याची हरकत पुसून टाकली. रक्कम मोठी असली की पुसायचा प्रश्न येत नाही, म्हणून मोठ्या मागण्यांत हे कधी दिसलंच नाही.

प्रायॉरिटी बदलूनही उपयोग नव्हता. प्रायॉरिटी एकाच नावाच्या इव्हेंटवर बसलेल्यांमध्ये बघितली जाते, मोठा आकडा आधी. सामाईक नाव नेमक्या नावाच्या आधीच येतं, तिथे कितीही आकडा टाका.

सगळे गार्ड लिसनर उघडून ती ओळ जिथे जिथे अशी होती तिथे इफ घातला. आता नियम असा की गार्डमध्ये सेटब्लॉक्ड लिहायचंच नाही, ॲडट्रान्झिशनब्लॉकर वापरायचा, त्यात फक्त भर पडते, पुसलं जात नाही, आणि कारणही लिहिता येतं. कारण लिहिल्याचा फायदा लगेच झाला: बटण लपवण्याऐवजी ट्विगमध्ये ब्लॉकरची यादी घेऊन बटणाखाली छापलं, "ही तुमचीच मागणी आहे, दुसऱ्या प्रमुखांची मंजुरी लागेल." बटण का दिसत नाही असे फोन निदान यातून तरी कमी होतील.

याच शोधात अजून एक सापडलं. सामाईक गार्डवर एक लिसनर होता, युजर ॲडमिन असेल तर स्टॉपप्रोपगेशन, म्हणजे पुढच्या लिसनरना चालू देऊ नको. गार्डच्या तिन्ही नावांना एकच इव्हेंट ऑब्जेक्ट जातो, त्यामुळे एकदा थांबवला की पुढच्या दोन नावांवरचेही कोणी चालत नाही. ॲडमिनला कुठलीच मर्यादा नव्हती. विचारलं तर कोणालाच आठवेना हे कोणी मागितलं होतं. काढला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यादी हळू उघडते. पन्नास ओळींच्या पानाला प्रोफायलरने (पानामागे काय काय चाललं ते मोजणारं टूल) डेटाबेसला तीनशेच्या वर क्वेरी दाखवल्या.

निधीचा गार्ड प्रत्येक मागणीसाठी विभागाची शिल्लक डेटाबेसमधून आणतो. यादीतली प्रत्येक ओळ सगळी ट्रान्झिशन विचारते. बरं तरी कंपोनंट आधी जागा तपासतो, मागणी त्या जागी नसेल तर गार्डला बोलवतच नाही, नाहीतर माल आलेल्या मागण्यांनाही शिल्लक विचारत बसला असता. यादीवरची बटणं काढली, तिथे नुसती स्थिती, बटणं आतल्या पानावर. कोणी काही म्हटलं नाही, यादीवरून कोणी मंजूर करतच नव्हतं. शिल्लक एका रिक्वेस्टमध्ये एका विभागासाठी एकदाच आणायची, सर्व्हिसमध्ये धरून ठेवायची.

अनाउन्स पण बंद केला. अप्लाय झाल्यावर आता पुढे काय काय करता येईल हे शोधायला तो सगळे गार्ड परत एकदा चालवतो आणि आपल्याकडे तो ऐकणारा कोणीच नाही. कॉन्फिगरेशनमध्ये कोणते इव्हेंट सोडायचे ती यादी देता येते, त्यात एंटर्ड आणि कम्प्लीटेड एवढेच ठेवले. गार्ड त्या यादीत नसला तरी येतोच, तो बंद करता येत नाही, ते बरंच आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रमुख आणि उपप्रमुख दोघांनी एकाच मागणीवर जवळजवळ एकदमच मंजूर दाबलं. दोन मेल, इतिहासात दोन ओळी.

प्रत्येकाच्या रिक्वेस्टमध्ये मागणीची स्वतःची प्रत मेमरीत होती, दोन्ही प्रतींवर "अजून मंजूर नाही" लिहिलेलं, गार्डने दोघांना खरं तेच सांगितलं. लिसनर कितीही लिहिले तरी हे लिसनरने सुटणारं नाही. मागणीच्या टेबलात व्हर्जनचा कॉलम टाकला, डॉक्ट्रिन सेव्ह करताना व्हर्जन जुळतं का बघतं, दुसऱ्याचं जुळत नाही, तो ऑप्टिमिस्टिक लॉकचा एरर घेऊन परत येतो आणि त्याचा निरोप ट्रान्झॅक्शनबरोबर मागे जातो. कंट्रोलरमध्ये तो एरर पकडून "ही मागणी आत्ताच दुसऱ्या कोणीतरी पुढे नेली, पान परत उघडा" असं दाखवतो. दोन ब्राउझर शेजारी ठेवून बघितलं, जमलं.

बटणावर जावास्क्रिप्टचा क्लिक लिसनरही टाकला, एकदा दाबलं की बटण बंद. एकाच माणसाने दोनदा टिचकी मारली तर तेवढ्यापुरता उपयोग.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साठ दिवस पडून असलेला मसुदा रात्री आपोआप रद्द करायचा, त्याची कमांड आधीपासून आहे पण कधी चाललीच नाही. रद्द करायला मागणीचा मालक लागतो असा गार्ड आहे आणि रात्री कमांड चालते तेव्हा लॉगिन केलेला कोणीच नसतो. गार्ड नाही म्हणतो, कमांड गप्प संपते.

वाटलं अप्लायला कॉन्टेक्स्ट, म्हणजे सोबतची जादा माहिती, देता येतो, त्यात "सिस्टीमने केलं" अशी खूण टाकू आणि गार्डमध्ये वाचू. कॉन्टेक्स्ट बाकीच्या इव्हेंटना मिळतो, गार्डला मिळत नाही. विचार केल्यावर पटलं, कॅन विचारताना कॉन्टेक्स्ट असतोच कुठे. वेगळं ट्रान्झिशन केलं, "मुदत संपली", रद्दसारखंच मसुद्यातून रद्दमध्ये नेणारं, पण त्यावर मालकाचा गार्ड नाही. ते कुठल्याही पानावर दाखवत नाही आणि कंट्रोलरला बाहेरून जे ट्रान्झिशनचं नाव येतं ते ठराविक नावांमध्ये आहे का हे आता बघितलं जातं. आधी बघत नव्हता, जे नाव येईल ते थेट अप्लायला द्यायचा, गार्ड अडवेल या भरवशावर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

टेस्टरचा तक्ता पूर्ण, त्यावरून टेस्ट लिहिल्या. एक टेस्ट मुद्दाम वेगळी: प्रत्येक भूमिकेने प्रत्येक पान नुसतं उघडायचं आणि शेवटी मोजायचं, रांगेत निरोप शून्य, इतिहासात नवीन ओळी शून्य. ही टेस्ट ३ तारखेच्या कोडवर चालवून बघितली, लाल. आजच्यावर हिरवी. लिसनर सतरावरून अकरावर.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लाइव्ह गेलं. काही पडलं नाही.

३ मार्च, सोमवार

सकाळीच खरेदीवाल्या साहेबांचा फोन. "अहो मॅडम, मेल यायचे बंद झालेत. सिस्टीम बंद आहे का?"

मी म्हटलं, "नाही साहेब, आता मंजूर झाल्यावर एकच येईल, तुम्हीच सांगितलं होतं ना."

"ते बरोबर आहे हो. पण आधीच्या मेलवरून मला अंदाज यायचा ना, काय काय मंजुरीला येऊन बसलंय. मी लगेच पुरवठादारांकडून दर मागवून ठेवायचो."

म्हणजे महिनाभर ज्याच्या मागे लागले तो बग साहेबांना उपयोगी पडत होता. काय बोलणार. मागणी रास्त आहे, फक्त मेलमध्ये "मंजूर झाली" ऐवजी "मंजुरीला आली" लिहिलेलं हवं.

कुठे ऐकायचं हा प्रश्न. "मंजुरीला आली" अशी जागाच नाही, दोन्ही तपासण्या झाल्या की दोन टोकन दोन जागी असतात आणि तीच मंजुरीची तयारी. एंटर्ड डॉट तांत्रिक झाली ऐकलं तर निधी बाकी असताना पण वाजेल. मग आठवला अनाउन्स, मंजूर हे ट्रान्झिशन आता मोकळं झालं असं सांगणारा इव्हेंट, नावाने तर अगदी हाच. चालू केला, ऐकायला बसवला, निधीवाल्याच्या लॉगिनने तपासणी पूर्ण केली. काहीच नाही. कारण मोकळं आहे का हे तो गार्डला विचारून ठरवतो, आणि गार्डच्या समोर त्या वेळी उभा आहे निधीवाला, प्रमुख नाही. गार्ड म्हणतो नाही.

अनाउन्स परत बंद. कम्प्लीटेडवर एक लिसनर, ट्रान्झिशन दोन तपासण्यांपैकी एक असेल आणि मार्किंगमध्ये (टोकन कुठे कुठे आहेत त्या नोंदीत) "तांत्रिक झाली" व "निधी झाली" दोन्ही असतील तर रांगेत निरोप. बारा लिसनर झाले. टेस्टरच्या तक्त्यात एक खण वाढवला, ती म्हणाली शून्य मोजणारी टेस्ट आधी परत चालव. चालवली, हिरवी. उद्या लाइव्ह.